देव मानत नाही त्याची नीती

भाविकहो, गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहात माझ्याच घरी घडलेले सांगतो. गुरुचरित्राचे पारायण चालू होते. सोवळे, एकवेळचे जेवण, सगळे यथासांग. आणि देव्हाऱ्याखालच्या खणात हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता. पौर्णिमा झाली की धाकट्या बहिणीकडे जायचे, साडीचोळी करायची आणि वडिलार्जित जमिनीतला हिस्सा सोडल्याची तिची सही घ्यायची. ती नाही म्हणणार नव्हती. आमच्याकडे बहिणी नाही म्हणत नाहीत.

माझा मुलगा देव मानत नाही. प्रसाद खातो, तो शिरा आवडतो म्हणून. पाचव्या दिवशी कागद त्याच्या हाती लागला.

"आप्पा, आत्याला हे नीट वाचून दाखवणार ना?"

"तुला रे काय त्याचं? तू पापपुण्य मानतोस कुठं?"

"नाही मानत. पण जमीन तिचीही आहेच ना?"

देव काढून टाकला तर नीतीला आधार काय, हा सवाल आपल्या सभामंडपात मीच किती वेळा टाकला आहे! त्या रात्री तो माझ्यावरच उलटला. मुलींना हक्क देणारी दुरुस्ती आपल्या राज्यात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. त्याआधी बहिणीला वगळणे न्यायाचे होते काय? नव्हते. म्हणजे सरकारने ठरवले म्हणून ते चूक झाले नाही. बरे, दत्तमहाराज म्हणाले, "बहिणीला लुबाड," तर ते योग्य ठरेल? महाराज असे म्हणणारच नाहीत, हे आपण छातीठोक सांगतो. कशाच्या जोरावर? लुबाडणे वाईट, हे आपल्याला आधीच कळते म्हणूनच ना!

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा त्या अवधूतालाच दत्तात्रेय मानते. पृथ्वी, कबुतर, अजगर, कोळी, पिंगला वेश्या, बाण करणारा कारागीर. पोथी वाचणारा त्यांत एकही नाही. मधमाशी साठवते आणि नेतो दुसराच, हा दृष्टांत मी किती रंगवून सांगत असे!

कुणी म्हणेल, मुलाचा चांगुलपणा हे आजीचे संस्कार. असतील. पण त्याच आजीचा मी मुलगा.

मग उपासना कशाला? बरे काय ते कळूनही हात तिकडे वळत नाही, तो वळावा म्हणून, असे मला वाटते. मात्र पारायणाचे पाच दिवस होऊनही माझा वळला नव्हता, हेही लिहिले पाहिजे.

पौर्णिमेनंतर बहिणीकडे गेलो. हक्कसोडपत्र नेले नाही, वाटपाचा कच्चा कागद नेला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारले,

"दादा, विहिरीचं पाणी धरलंय का ह्यात?"

धरले नव्हते. तिथेच पेन मागून घेतले.