शेष कोणाचे?

जेवायला बसण्यापूर्वी अग्नीला आहुती, गाईला ग्रास, कावळ्याला बळी आणि दारी आलेल्या अतिथीला पान, असा वैश्वदेवाचा क्रम आपल्या वाडवडिलांनी पाळला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी त्यातले आता पानाबाहेर काढलेल्या चित्राहुतींपुरतेच उरले असेल. त्या विधीत देण्याचा गौरव थोडा आणि क्रमाचा आग्रह फार, असे मला नेहमी वाटत आले आहे. गृहस्थाने जेवावे, पोटभर जेवावे. परंतु सर्वांचे देणे फिटल्यावर जे उरते तेच त्याचे अन्न. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञशेषाचे जे महत्त्व सांगितले आहे, त्याचा आशय हाच. ज्याच्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क बाकी राहिलेला नाही, ते शेष.

हा जुना विचार एका अगदी नव्या प्रसंगाने माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला. भोपाळात कोटरा सुल्तानाबाद या वस्तीत मी राहतो. चैत्र सरता सरता संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर कधी कधी जळलेल्या काडाचा वास येतो. यंत्राने गहू कापला की शेतात खुंट उभे राहतात. इकडे त्यांना नरवाई म्हणतात. उन्हाळी मुगाची पेरणी साधायची तर रान लवकर मोकळे व्हावे लागते, म्हणून शेतकरी त्याला आग लावतो. सीहोर जिल्ह्यातला असाच एक वृद्ध पक्षकार दंडाची नोटीस घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “वकीलसाहेब, नरवाई जाळली तर दंड, ठेवली तर मूग हुकतो. आता म्हणतात, तिच्यापासून मोटारीचे तेल निघते, विकून टाका. तर एवढे सांगा, ती काडी कोणाची?” कायद्याने उत्तर सोपे होते. शेत त्याचे, पीक त्याचे, काडीही त्याचीच. परंतु तो गेल्यावर हे उत्तर मला अपुरे वाटू लागले.

शेतातून इंधन काढण्याची कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. परदेशी तेलावरचा खर्च वाचला, साखर कारखान्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले, उसाची थकलेली देणी फिटण्यास मदत झाली. हे लाभ खरे आहेत. त्यांना नाक मुरडणारा मनुष्य शेतकऱ्याचा हितचिंतक म्हणवून घेऊ शकणार नाही. परंतु हे इथेनॉल बहुतेक उसाचे, मक्याचे आणि तांदळाचे. एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल मिळते. स्कूटरच्या टाकीत पाच लिटर पेट्रोल भरले तर त्यात एक लिटर इथेनॉल आले. ते तांदळाचे असेल तर सुमारे सव्वादोन किलो तांदूळ त्या टाकीत गेला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. म्हणजे सव्वादोन टाक्यांत एका माणसाचा महिना संपला.

हा सगळा तांदूळ कोणाच्या ताटातून काढलेला असतो, असे मी म्हणत नाही. त्यात तुकडा असतो, कोठारात साठून राहिलेलाही असतो. तरीही ‘अधिक’ कोणी ठरवावे आणि केव्हा, हा प्रश्न उरतोच. २०२३ च्या जुलैत, धान्याच्या भावाची चिंता वाढताच, सरकारी कोठारातील तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबविण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात उसाच्या रसावरही मर्यादा आली. पुढे साठे सुधारल्यावर दोन्ही बंधने सैल झाली. अडचणीत क्रमाची आठवण व्हावी आणि सुबत्तेत विसर पडावा, हा मनुष्यस्वभावच आहे. विधी नित्याचा ठेवणाऱ्यांनी हा स्वभाव पुरता ओळखला होता.

म्हणून संशोधकांची दृष्टी धान्यावरून काडीकडे वळली, हे मला शुभचिन्ह वाटते. काडीतही साखर असते, परंतु ती सेल्युलोजच्या रूपाने घट्ट विणलेली असते. ती वीण आधी उकलावी लागते, मग विकरांनी तिचे तुकडे करावे लागतात, तेव्हा कुठे ती आंबते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्याने चाललेल्या केंद्राने अशी पद्धत बसविली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये काशीपूर येथे एका खाजगी कारखान्याच्या आवारात रोज दहा टन काडकचरा घेणारे प्रात्यक्षिक यंत्र उभे राहिले. पुण्याच्या प्राज कंपनीने आपल्या संशोधनाच्या बळावर जे तंत्र सिद्ध केले, त्यावर पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प उभा आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल देण्याची त्याची योजना आहे. विद्या आणि उद्योग यांची अशी गाठ पडणे ही अभिमानाची गोष्ट आहे.

मात्र अशा सहकार्याच्या करारांचा नमुना वकिलाच्या नजरेने वाचला की एक उणीव जाणवते. त्यात दोन पक्ष असतात, संस्था आणि कंपनी. पेटंट कोणाचे, गुप्तता किती वर्षे, मोबदल्याची वाटणी कशी, हे सर्व त्यात बारकाईने लिहिलेले असते. पेंढ्याचा उल्लेख ‘कच्चा माल’ असा येतो. त्याला वाढविणारा शेतकरी कराराच्या बाहेरच राहतो, आणि ज्या जमिनीतून तो आला तिचे तर नावही नसते. वास्तविक काड जमिनीत कुजते तेव्हा तिला सेंद्रिय कर्ब परत मिळतो, पालाश परत मिळते. सगळे काड उचलून नेले तर धूर थांबेल, पण माती उपाशीच राहील. भोपाळात बेरसिया रस्त्यावर नबीबाग येथे दोन राष्ट्रीय संस्था आहेत. केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली, मृदाविज्ञान संस्था १९८८ मध्ये. एक शेतीच्या यंत्रांचा विचार करते, दुसरी मातीचा. हे दोन विचार एकमेकांना न विचारता कधीही करू नयेत, असे त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात येते.

माती बोलत नाही, मग तिचे म्हणणे कराराच्या बैठकीत मांडावे कोणी? आपल्या देवस्थानांच्या कायद्यात याचे उत्तर आहे. देवही न्यायालयात बोलत नाही. परंतु कायद्याने त्याला व्यक्ती मानले, त्याच्या मालमत्तेची वहिवाट पाहणाऱ्यांना विश्वस्त ठरविले. विश्वस्ताने देवस्थानाचा वाढावा खुशाल चांगल्या कामी लावावा. मुंबईच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यातही शिल्लक राहिलेल्या उत्पन्नाला मूळ हेतूच्या जवळात जवळचा मार्ग दाखविण्याची सोय आहे. परंतु पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती अडवून कोणी वाढावा दाखवू लागला, तर त्या हिशेबाला आपण अफरातफर म्हणू. शेताच्या हिशेबालाही हीच कसोटी लावावी. प्रथम माणसाचे ताट, मग गुराची गव्हाण, मग मातीचे देणे. त्यानंतर जे उरेल ते इंधनाचे. कोकणात काजूची बी बाजारात जाते, बोंडूची फेणी होते, टरफलातून निघणारे तेल रंगांत आणि ब्रेकच्या पट्ट्यांत जाते. तेथे एकाचा घास दुसऱ्याने हिरावलेला नाही. असे निर्मळ शेष जितके सापडेल तितके शोधावे.

यावर कोणी म्हणेल, पोट हातावर असलेल्या शेतकऱ्याने मातीचे देणे फेडत बसावे की मूग पेरावा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे देणे एकट्या त्याच्या माथी मारता येणार नाही. काडी नेणाऱ्याने किती काडी रानातच राहील हे करारात लिहावे, आणि नेलेल्या काडीचा योग्य दाम द्यावा.

नोटिशीचे उत्तर घ्यायला पक्षकार पुन्हा आला तेव्हा हे सारे मी त्याला माझ्या परीने सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “साहेब, घरी बैल होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता. तो काडी खायचा, शेण शेतात जायचे.” मला २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला इंदूरचा प्रकल्प आठवला. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून वाहनांसाठी वायू आणि शेतासाठी खत करण्याच्या हेतूने तो उभारलेला आहे. वायू आपण घ्यावा आणि खत मातीला परत द्यावे, ही त्यातली वाटणी मला न्यायाची वाटते. आपल्या विद्वानांनी आणि कारखानदारांनी मिळून पुष्कळ पुढे जावे. पण घेतल्यावर परत देण्याच्या बाबतीत त्यांनी निदान त्या म्हाताऱ्याच्या बैलाची बरोबरी करावी.