इब्ने सफींची तालीम

कथेची कला नीतीच्या बंधनात वाढते की बंधने झुगारून? हा प्रश्न निघाला की आम्ही लगेच मंटोंचे नाव घेतो. मंटोंवर खटले झाले, तरी त्यांनी लेखणी आवरली नाही, हे खरेच. पण याच प्रश्नाला वेगळे उत्तर देणारा एक लेखक आमच्या घरांत उशीखाली लपवून वाचला गेला आणि साहित्याच्या चर्चेत मात्र दाराबाहेरच उभा राहिला. ते इब्ने सफी.

खरे नाव असरार अहमद. जन्म १९२८चा, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा गावचा. वडील सफीउल्लाह, म्हणून इब्ने सफी. शाळकरी वयातच त्यांना ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे वेड लागले. दास्तान ही मुळात ऐकवण्याची चीज. श्रोता उठून जाऊ नये म्हणून दास्तानगो ऐन मोक्याला थांबतो, अय्यार वेष पालटून येतो, भयाच्या प्रसंगात मध्येच हशा पिकतो. पुढे मूर्खाचे सोंग घेऊन वावरणारा त्यांचा इमरान भेटला, तेव्हा त्याच्यात आम्हाला उमरो अय्यारची सावली दिसली.

दुसरी शाळा इंग्रजी कादंबऱ्यांची. ‘जासूसी दुनिया’ची पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’ मार्च १९५२मध्ये आली. तिचे कथानक इंग्रजीवरून घेतलेले होते, आणि ते त्यांनी स्वतःच सांगून टाकले. उसने घेऊन कबूल करणारे आमच्यात किती, ते इथे विचारायला नको.

पण खरी तालीम वेगळीच. उर्दूत अश्लील तेवढेच खपते, असे त्या काळी एका बैठकीत कोणी म्हणाले. इब्ने सफींना ते पटले नाही. आता हे नुसते सोवळेपण असते तर त्यांच्या कादंबऱ्या आज कोणी उघडल्याही नसत्या. हुकमी पत्ता टाकून दिल्यावर वाचकाला शेवटच्या पानापर्यंत न्यायचे कशाच्या बळावर? उरले कुतूहल, विनोद, चटपटीत संवाद आणि फरीदी-हमीदसारखी माणसे. तीही दर महिन्याला नव्याने उभी करायची. वाचकाच्या दुबळेपणावर जगायचे नाही असे ठरवले की त्याच्या बुद्धीची कदर करणे भागच पडते. नियतीने नव्हे, त्या निश्चयाने त्यांना कारागीर केले, असे आम्हाला वाटते.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. मर्यादा पाळणारा लेखक कधी कधी नजरही चुकवतो. इब्ने सफींच्या दुनियेत अखेर कायदाच जिंकतो. ज्याला कायद्याकडून न्याय मिळत नाही, त्याचे दुःख तिथे फारसे सापडत नाही. ते दुखणे पाहायला मंटोंकडेच जावे लागते. मात्र मंटोंची बेधडक वृत्ती उचलून, त्यांची करुणा मागे टाकणाऱ्यांचा ढीगही आम्ही वाचला आहे.

ऑगस्ट १९५२मध्ये इब्ने सफी पाकिस्तानात गेले. १९६० ते १९६३ या काळात मानसिक आजाराने त्यांची लेखणी थांबली. मिळत्याजुळत्या नावांचे नकली इब्ने सफी बाजारात आले. नाव उचलता आले, ढंग उचलता आला नाही. वाचक तीन वर्षे थांबले. ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले, तेव्हा अलाहाबादेत तिचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. लेखक कराचीत होता.