मार्चअखेरीचा गुड फ्रायडे

यवतमाळकडे गुड फ्रायडे बरेचदा मार्चअखेरीच्या आगेमागे येतो. कापसाचा शेवटचा वेचा झालेला असतो, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात, ऊन चढायला लागलेलं असतं, आणि 31 तारखेच्या आत पीककर्ज भरा म्हणून सोसायटीचे निरोप घरोघर फिरत असतात. त्या शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना चालते. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो. त्यातला कुणीतरी हमखास सांगतो की आपल्या पापाचं कर्ज आपल्याच्याने फिटणारं नव्हतं, ते प्रभूने स्वतःच्या रक्ताने फेडलं. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ऐकणाऱ्यांत सातबाऱ्यावर बोजा असलेली माणसं बसलेली असतात. कर्ज कसं वाढतं, त्याने झोप कशी उडते, लग्नाच्या मांडवात सावकार समोर दिसला की घास कसा अडतो, हे त्यांना प्रवचनकारापेक्षा नीट ठाऊक असतं.

मी ज्या गावी शिकवत होतो तिथल्या एका कास्तकाराने मला एकदा विचारलं, "गुरुजी, तुमच्या देवानं पापाचं कर्ज फेडलं म्हन्ता, तं सोसायटीचं कोन फेडन?" त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. तो ख्रिस्ती नव्हता, पण नाताळला आमच्याकडे फराळाला येई आणि आमचं बोलणं मन लावून ऐके. त्याच्या प्रश्नाने माझ्या श्रद्धेला कामाला लावलं, ते आजतागायत.

येशूचं मरण आपल्यासाठी कसं, याचं उत्तर चर्चने वेगवेगळ्या काळी वेगवेगळं दिलं आहे. पहिल्या शतकांतले शिक्षक म्हणत की माणूस दुष्टाच्या कैदेत होता आणि ख्रिस्ताने खंडणी भरून त्याला सोडवलं. पुढे 1098 च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी लॅटिनमध्ये एक ग्रंथ पुरा केला आणि सगळा विचार ऋणाच्या भाषेत मांडला. देवाचा मान राखणं हे माणसाचं देणं, ते थकलं, फेडायचं माणसाने, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. आमच्या प्रवचनांतलं कर्ज बरंचसं तिथून आलेलं आहे. हा युक्तिवाद नेटका आहे, पण यवतमाळात तो ऐकताना मला धसका बसतो. जीव घेतल्याशिवाय कागद फाडायला तयार नसलेला देव आणि गावचा सावकार यांत मग फरक काय राहिला?

मला उत्तर सापडलं ते शुभवर्तमानातच. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशू एका राजाची गोष्ट सांगतो. त्याच्या एका चाकराकडे दहा हजार तालंत थकलेले असतात, म्हणजे सात जन्मांत फिटणार नाही एवढी रक्कम. चाकर पाया पडतो, राजाला कळवळा येतो आणि तो सगळं देणं सोडून देतो. कुणाचाही जीव मागत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सोडलेलं कर्ज हवेत विरत नाही, त्याचा तोटा कुणाला तरी सोसावा लागतो, आणि इथे तो राजा सोसतो. हे आम्ही 2008 साली आमच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या वर्षी 29 फेब्रुवारीला केंद्राच्या अर्थसंकल्पात 60 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. बँकांचे पैसे बुडले नाहीत. ते सरकारी तिजोरीने उचलले. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी मिळाली, त्यापुढच्याला पाऊण रक्कम भरली तर पाव सूट. कोरडवाहू विदर्भात पाच एकरांहून थोडी अधिक जमीन असलेला माणूसही कंगालच असतो. तो कुंपणाबाहेर राहिला. सावकाराचं कर्ज तर हिशेबातच नव्हतं. ते असो. माझ्या मनात राहिली ती एवढीच गोष्ट की माफी म्हणजे कुणीतरी तोटा अंगावर घेणं.

वधस्तंभाकडे मी आता असंच पाहतो. तिथे सावकाराने वसुली केली नाही. ज्याचं येणं होतं त्यानेच तोटा अंगावर घेतला, आणि तो तोटा त्याच्या जिवापर्यंत गेला. इब्री लोकांस पत्र लिहिणारा पुन्हा पुन्हा सांगतो की हे अर्पण एकदाच झालं, कायमचं झालं. ज्याचा यावर विश्वास आहे त्याला त्यापुढचं एक वाक्य मान्य करावंच लागतं: यापुढे कुठल्याही देण्यापायी कुठल्याही माणसाचा जीव मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. देवाला नाही, बँकेला नाही, आणि त्या माणसालाही स्वतःकडून तो मागण्याचा नाही.

यवतमाळ शहरात 1953 पासून 1983 पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. देशभरातून तरुण पाळकपणाचं शिक्षण घ्यायला इथे येत. पुढे ती पुण्याला बिबवेवाडीला गेली. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ काय, हा विषय तीस वर्षं या गावात वर्गावर्गांतून शिकवला गेला. सेमिनरी गेल्याला तीन वर्षं होत नाहीत तोच या जिल्ह्याने मरणाचा एक वेगळा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठेवला. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी मालती आणि चार मुलं, असं अख्खं कुटुंब 19 मार्च 1986 ला वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ मरण पावलं. करपे गावचे जाणते गृहस्थ, भजनात रमणारे. शेतीवर जगणं अशक्य झालं, हे ते लिहून ठेवून गेले. त्या वर्षी गुड फ्रायडे 28 मार्चला होता.

तेव्हापासून आजवर आम्ही शेतकऱ्याच्या आत्महत्येला किती सहज बलिदान म्हणतो! सभांमधून, फलकांवरून, श्रद्धांजलीच्या मजकुरांतून. हे बलिदान व्यर्थ जाणार नाही, असं सांगितलं जातं. म्हणणाऱ्याच्या मनात आदर असतो, हे मी जाणतो. तरीही ते ऐकताना ख्रिस्ती म्हणून माझा जीव कासावीस होतो. करप्यांच्या चार मुलांच्या मरणाला कोणत्या तोंडाने बलिदान म्हणायचं? बायबलात अब्राहाम मुलाला वेदीवर बांधतो तेव्हा देव त्याचा हात धरतो. मुलाचं रक्त नको, हेच त्या कथेचं सांगणं आहे. आणि येशू? तो मरणाला आसुसलेला नव्हता. गेथशेमाने बागेत आदल्या रात्री त्याने घामाघूम होऊन विनवलं की हा प्याला टळत असेल तर टळो. त्याला जगायचं होतं. त्याला मारलं ते रोमी सत्तेने, पंतय पिलाताच्या हुकमाने, बंडखोराला देतात ती शिक्षा देऊन. त्याने पळ काढला नाही, हे त्याचं अर्पण. कास्तकाराला मारतात ते कापसाचा भाव, चुकलेला पाऊस, व्याज आणि एकटेपणा. त्याच्या मरणाला पवित्र नाव दिलं की मारणारे सुटतात. शिवाय पलीकडच्या घरात तसाच अडकलेला दुसरा कुणी ते नाव ऐकत असतो, याचं भान आपण ठेवलंच पाहिजे.

सरकारचा अनुभव तर याहून कोरडा. 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी मरण पात्र ठरावं लागतं. जमीन त्याच्या नावावर होती का, कर्ज अधिकृत संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का? शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर बहुधा जमीनच नसते, तेव्हा तिचं मरण शेतकऱ्याचं मरण बहुतेकदा ठरत नाही. अपात्र मरण! आमच्या चर्चनेही हा शिक्का वापरलेला आहे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. 1983 च्या संहितेत ते कलम राहिलं नाही. आम्हा प्रोटेस्टंटांकडे असं लेखी कलम नसतं, पण माणसांच्या मनात ते असतं. एका मंडळीत मी पाहिलं आहे: घरातला कर्ता गेलेला, बाई भिंतीला टेकून बसलेली, आणि बाहेर वडीलधारे शव चर्चमध्ये न्यावं की घरूनच दफनभूमीत, यावर हळू आवाजात वाद घालताहेत. शेवटी घरूनच नेलं. ज्याचा मृतदेह उसन्या कबरेत ठेवला गेला, ज्याला धर्माच्या कारभाऱ्यांनी शापित ठरवलं, त्याच्या नावाने जमलेल्या लोकांनी हे करावं, याची लाज मला अजून वाटते.

आता पुनरुत्थान. इथे आमचे प्रवचनकार शेतीकडे वळतात, कारण खुद्द येशूने आणि पौलाने बियाण्याचा दाखला दिला आहे: दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच त्याला पीक येतं. दाखला सुंदर आहे, पण तो यवतमाळात सांगताना जपून सांगावा. मृग बरसतो, पेरणी होते, मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं राहतं आणि सरकी जमिनीतच जळते. दुबार पेरणी. कधी तिबार. पूर्वी सरकी बरेचदा घरची असे. बीटी कापूस 2002 मध्ये आल्यापासून दर पेरणीला पाकीट विकत आणावं लागतं, म्हणजे प्रत्येक मेलेल्या बियाण्याबरोबर देणं वाढतं. मातीत पडलेलं सगळंच उगवत नाही, हे इथल्या पोरालाही कळतं. म्हणून ईस्टर म्हणजे निसर्गाचं चक्र, पानगळीमागून पालवी, असं कुणी सांगू लागलं तर ते आम्हाला पुरत नाही. शिष्यांनाही ते पुरलं नसतं. ते कबरेजवळ पालवीची वाट पाहत बसले नव्हते. दारं लावून भिऊन बसले होते. जे उगवणारच नव्हतं त्याला देवाने उठवलं, असा त्यांचा दावा आहे. तो मानायचा तर सबंध मानावा, नाहीतर सोडून द्यावा. मी मानतो.

मराठी मनाला या विश्वासाच्या जवळचं काही असेल तर ते बळीराजाचं येणं. जमिनीत गाडलेला, प्रजेच्या प्रेमाचा राजा प्रतिपदेला परत येतो आणि आयाबाया इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त येशूला दुसरा बळीराजा मानलं. धर्मपंडितांना सुचलं नाही ते फुल्यांना दिसलं: गरिबांचा कैवारी, कारस्थानाने मारलेला, आणि तरी न संपलेला. ख्रिस्ती श्रद्धा याच्या एक पाऊल पुढे जाते. बळी वर्षातून एकदा येऊन परत जातो. येशू उठला तो उठलाच.

आणि उठला तो त्याच शरीराने. थोमा नावाच्या शिष्याने हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहायला मागितले, तेव्हा ते दाखवण्यापुरते शिल्लक होते. जखमा पुसून नवा देह मिळाला असता तर कथा सोपी झाली असती. यवतमाळला जानेवारी 2019 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्‌घाटन वैशाली येडे यांनी केलं. राजूरच्या शेतकरी, पतीने आत्महत्या केलेली, विधवा शेतकरी बायांच्या 'तेरवं' नाटकात काम करणाऱ्या. पुढच्या जन्मी तरी श्रीमंत होऊ म्हणून नवऱ्याने जीव दिला, पण आपला पुढच्या जन्मावर विश्वास नाही, आपण याच जन्मात लढणार, अशा अर्थाचं त्या बोलल्या. त्यांच्या शब्दांना ख्रिस्ती रंग देण्याचा मला अधिकार नाही. इतकंच सांगतो की ईस्टरची बरीच प्रवचनं ऐकूनही, ही जखम आणि हीच माती घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी जास्त कळलं. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायांनीच. त्यांची साक्ष त्या काळी कुणी धरत नसे. मग्दालिया मरिया धावत सांगायला गेली तेव्हा पुरुषांना ती बडबड वाटली.

सोसायटीचं कोण फेडणार, याला मी त्या कास्तकाराला पुढे उत्तर दिलं ते असं: ज्यांना आपलं देणं कुणीतरी सोसलं असं वाटतं, त्यांनी दुसऱ्याचं थोडं सोसायला शिकावं. प्रेषितांच्या कृत्यांत पहिली मंडळी शेतवाडी विकून गरजूंना वाटून देत होती. पुनरुत्थानावरचा त्यांचा विश्वास शेजाऱ्यांना तिथे दिसला.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना एक विनंती आहे. करपे कुटुंबाच्या आठवणीत 2017 पासून दर 19 मार्चला किसानपुत्र आंदोलन एक दिवसाचा अन्नत्याग करतं. ईस्टर 22 मार्चच्या आधी कधीच येत नाही आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्याने सुरू होतो तो राखेचा बुधवार 10 मार्चच्या पुढे कधी जात नाही, त्यामुळे 19 मार्च हा दिवस दर वर्षी आपल्या उपवासकाळातच पडतो. नाहीतरी आपण त्या चाळीस दिवसांत उपास करतोच. त्यातला हा एक उपास करप्यांच्या नावाने धरा. वाचलेल्या पैशांत भर घालून आपल्या मंडळीजवळच्या एखाद्या अपात्र ठरलेल्या घराची एका मोसमाची बियाण्याची पाकिटं घेऊन द्या. आणि गावात कुणी कास्तकार बोलेनासा झाला असेल, बँकेची नोटीस आल्यापासून घराबाहेर पडत नसेल, तर ईस्टरची वाट न पाहता आज संध्याकाळीच त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.