उद्याची कळी

जालन्याच्या मस्तगडाच्या आतल्या दरवाजावरील फार्सी शिलालेखाने तामिरीचे १७२५ हे साल इमानेइतबारे सांभाळले आहे, आणि बांधणारा काबीलखान होता व हुकूम आसफजाहाचा होता हेही इतिहासाने विसरू दिलेले नाही. परंतु किल्ल्यातील ती सज्जे-दालनांची मोठी विहीर ज्या हातांनी खणली, त्या हातांच्या धन्यांना पहाटे कोणत्या ओढीने जाग येत असे, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. जपानी माणूस या ओढीला ‘इकिगाई’ म्हणतो : ‘इकि’ म्हणजे जगणे, ‘गाई’ म्हणजे त्याचे सार्थक.

हल्ली हा शब्द आपल्याकडे येतो तो आवड, कौशल्य, जगाची गरज आणि मोबदला अशा चार वर्तुळांच्या आकृतीत बसून. ती आकृती मुळात जपानी नव्हे. २०१४ साली एका पाश्चात्त्य लेखकाने दुसऱ्याच एका आकृतीवर हा शब्द चिकटवला. तिचा न्याय लावला, तर ज्याच्या श्रमाला बाजारात दाम नाही, त्याच्या जगण्याला सार्थकही नाही असे ठरेल. मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ विदुषींनी मात्र १९६६ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तो नागाशिमा बेटावरच्या कुष्ठधामातील रुग्णांच्या सहवासातून. समाजाने ज्यांना जिवंतपणीच वजा केले होते, अशांपैकीही काहींच्या ठायी त्यांना जगण्याची गोडी दिसली. आणि जगण्याला आधार देणारी वस्तू वेगळी, त्या आधाराची जाणीव वेगळी, हा सूक्ष्म भेद त्यांनी तेथे केला.

मराठी वाचकाला यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. वरोऱ्याजवळच्या माळावर बाबा आमटे व साधनाताई यांनी १९४९ साली आनंदवन वसवले, तेव्हा कुष्ठरुग्णांच्या झडलेल्या बोटांत भिक्षेऐवजी कुदळ आली, आणि त्यांनी पिकवलेले धान्य हीच त्यांच्या माणूसपणाची सनद झाली.

खुद्द जालन्याची ख्याती आज बियाण्यांसाठी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना केली ती १९६४ साली, येथेच. संकरित कपाशीच्या सीड प्लॉटमध्ये ज्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात, ते काम जवळून पाहावे. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांचे वेष्टण सोलायचे, आतला नाजूक स्त्रीकेसर दुखवायचा नाही, आणि रंगीत कागदाची खूण ठेवून घरी जायचे. सकाळी नराच्या फुलाचे पराग त्यावर फिरवायचे. सकाळ चुकली, तर कालची मेहनत गळून पडली.

या कामाचे गोडवे गाऊन मजुरी बुडवण्याची सोय कोणी करू नये. गोडी हा दामाचा पर्याय नव्हे. रोजंदारीवरच्या बाईला त्या शेतात गोडी वाटते की केवळ पाठदुखी, हे तिच्यावाचून कोणी ठरवूही नये. परंतु सार्थक बहुधा शोधून सापडत नाही, ते आदल्या संध्याकाळी पेरून ठेवावे लागते, एवढे त्या कळीवरून कळते. मस्तगडाचा शिलालेख पुरे झालेल्या कामाचे साल सांगतो. कपाशीवरचा कागद, काम कोठे उरले आहे एवढेच सांगतो, आणि माणूस पहाटे उठतो तो त्या उरलेल्यासाठी.