पंगतीबाहेरचा विचार

आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर जिल्हा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरते ती करमाळा तालुक्यात, आणि रावगाव, जेऊर, कंदर या गावांवरून पंढरपूरची वाट धरते. ज्यांच्या पादुकांपुढे या वाटेवर माथे टेकतात ते निवृत्तिनाथ वाळीत टाकलेल्या घरातले थोरले अपत्य होते, हे वारकरी परंपरेने कधी लपवलेले नाही. परंपरा सांगते की, संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतले, तेव्हा आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना ‘आरूढपतित’, म्हणजे वरच्या आश्रमावर चढून खाली घसरलेला, ठरवले. मुलांच्या मुंजी नाकारल्या, आणि देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा मार्ग उरलेला नाही असा निर्णय दिल्यावर आईबापांनी जलसमाधी घेतली. मुलांना पुढे पैठणच्या पंडितांकडे शुद्धिपत्रासाठी, म्हणजे त्यांना पुन्हा समाजात घेण्यास हरकत नसल्याच्या लेखी निर्णयासाठी, जावे लागले.

या कथेत विठ्ठलपंतांचे मत काय होते, ते ईश्वराविषयी काय मानत होते, असा प्रश्न कोणीही विचारलेला नाही, आणि या समाजाचे मर्म कळण्यासाठी तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. विचारांच्या बाबतीत भारतीय परंपरा विलक्षण सैल होती. जगाचा कर्ता म्हणून ईश्वर न मानणारे सांख्य आस्तिक दर्शनांत बसले, आणि चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिताना वेद झुगारणाऱ्या चार्वाकाच्या मताची मांडणी ग्रंथाच्या आरंभीच केली. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त, आपला सिद्धान्त शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितला म्हणून खरा आहे असे नाही, त्यांनी तो सांगितला नसता तरी तो खराच ठरला असता, या आशयाचे विधान केले, शब्दप्रामाण्याला, म्हणजे आप्तवचन हाच पुरावा मानण्याच्या भूमिकेला, इतका थेट छेद देणारे वाक्य लिहूनही हा ग्रंथ बहिष्कृत झाला नाही. पण कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे, कोणाच्या घरी मुलगी द्यायची, कोणाच्या तिरडीला खांदा द्यायचा, या बाबतींत रेसभरही सवलत नव्हती. मतावर पहारा नव्हता, कारण मताने पंगत बाटत नव्हती.

म्हणून मराठी समाजात स्वतंत्र विचार करणाऱ्याची कसोटी त्याच्या ग्रंथात लागली नाही, ती त्याच्या घरात लागली. या कसोटीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनचे चहा प्रकरण हे होय. ४ ऑक्टोबर १८९० रोजी गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने मिशनमध्ये जमलेल्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि टिळक हे दोघेही होते. पुढे ‘पुणे वैभव’ या पत्राने तेथे चहा घेतल्याचा आरोप ठेवून उपस्थितांची नावे छापली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, त्यांच्या वतीने चौकशी झाली आणि १८९२ मध्ये प्रायश्चित्ताचा निर्णय लागला. एकेश्वरवादाचा, जातिभेदाच्या अनिष्टतेचा आणि विधवाविवाहाचा पुरस्कार रानड्यांनी वर्षानुवर्षे जाहीरपणे केला होता. त्यांना जाब द्यावा लागला तो मात्र चहाचा. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले.

रानड्यांच्या या कृतीला तत्त्वनिष्ठेतील उणीव मानण्याची रीत सुधारणावादी लेखनात रूढ झाली, आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही, कारण पुढाऱ्याच्या माघारीने मागच्या अनेकांची उमेद खचते. परंतु बहिष्काराची रचना लक्षात घेतली की हा निवाडा अपुरा वाटू लागतो. बहिष्कार विचार करणाऱ्या व्यक्तीवर क्वचितच थांबतो. तो तिच्या आश्रितांवर, विवाहयोग्य मुलींवर, माहेरी येऊ न शकणाऱ्या बहिणींवर आणि श्राद्धाला भटजी न मिळणाऱ्या म्हाताऱ्या आईवर पडतो. पंचहौद प्रकरणातही तो रानड्यांच्या मित्रमंडळींच्या घरांपर्यंत पोहोचला होता. स्वतःच्या मतासाठी स्वतः सोसणे यात नैतिक गुंता फारसा नाही, पण ते मत ज्यांचे नाही त्यांना त्याची किंमत मोजायला लावण्याचा अधिकार विचारवंताला कोठून मिळतो, हा प्रश्न धैर्याचा नसून न्यायाचा आहे, आणि रूढीने आपले सर्वांत धारदार शस्त्र नेमके याच प्रश्नावर पाजळलेले आहे. २७ जुलै १६५६ रोजी ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने तरुण स्पिनोझाला बहिष्कृत केले, तेव्हाही त्याच्याशी बोलू नये, त्याच्यासह एका छपराखाली राहू नये, त्याचे लिखाण वाचू नये अशीच आज्ञा झाली; मात्र स्पिनोझा अविवाहित होता, भिंगे घासून पोट भरू शकत होता आणि दुसऱ्या गावी जाऊन राहू शकत होता. गावगाड्यात, म्हणजे शेती, बलुतेदारी आणि जात यांनी परस्परांत गुंफलेल्या ग्रामव्यवस्थेत, असे निघून जाणे म्हणजे उपाशी मरणे होते.

ज्यांना पंगतीत कधी घेतलेच नव्हते त्यांची स्थिती याहून वेगळी होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय ही चर्चा उच्चवर्णीय सुधारकांच्या मनःस्तापापुरती आखूड राहील. याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे चोखामेळा यांनी रूढी मोडली नाही, तरी त्यांचे अस्तित्वच रूढीला अडचणीचे होते, कारण भक्तीने देव सर्वांना सारखा लाभतो हे वारकऱ्यांचे तत्त्व त्यांच्या ठिकाणी खरे ठरत होते आणि देवळाचा उंबरठा ते खोटे पाडत होता. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्याची वेस बांधताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपुरास विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी झाली, आणि त्यांच्या समाजाला त्या द्वाराच्या आत जाण्यासाठी सहा शतके थांबावे लागले. या सहा शतकांत अभंग गाणाऱ्यांना हा विसंवाद खुपला नाही, ही गोष्ट संतपरंपरेच्या गौरवात बुडवून टाकण्यासारखी नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्यासह चोखामेळ्यांच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा त्यांनी या संताला त्याच्या दुःखाच्या मूळ संदर्भात परत नेले.

ते द्वार उघडले १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. या लढ्यात उपोषण सर्वांना आठवते, पण त्याआधीचे काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर फिरत होते, गावोगावी सभा घेत होते, गावची देवळे आणि पाणवठे खुले करण्यास लोकांना राजी करीत होते, आणि रानड्यांना जो पेच सुटला नाही त्याचे उत्तर या दौऱ्यातच अधिक सापडते. एकट्याने रूढी मोडली तर बहिष्कार त्याच्या घरावर कोसळतो. अख्ख्या गावाने ठराव करून ती मोडली तर बहिष्कार घालायला पलीकडे कोणी उरत नाही. अर्थात विरोध संपला नाही, आणि मंदिर खुले होण्यापूर्वी विठ्ठलाचे तेज घागरीत काढून घेतल्याचा दावाही सनातनी पक्षाने केला.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही या प्रश्नाशी दोनदा झुंज घेतली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास बंदी घातली, परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा रद्द ठरवला, कारण धर्माच्या आधारावर सदस्याला काढून टाकणे हा पंथाच्या धार्मिक स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे बहुमताने मानले. पंथाचे स्वातंत्र्य आणि पंथातील व्यक्तीचे स्वातंत्र्य समोरासमोर आले असता पंथाला झुकते माप देणारा हा निर्णय, ज्याला आत राहूनच वेगळा विचार करायचा आहे त्याच्यावर अन्याय करणारा आहे. महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली, तेव्हा हा तोल काही अंशी सावरला. वाळीत टाकण्याचा हुकूम देणारे पंच या कायद्याने पकडता येतात. पण हुकूमच न निघता सोयरिकी थांबतात, आवतण येत नाही, मयताला माणसे जमत नाहीत, तेव्हा तक्रारीत नाव कोणाचे लिहायचे, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत नाही, आणि ज्याला त्याच गावात राहायचे आहे त्याला ते शेजाऱ्यांकडूनच मिळवावे लागते.