माठ, वारा आणि दोन गुणांचं उत्तर

शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न असायचाच, आणि त्यातलं एक विधान जणू वंशपरंपरेनं ठरलेलं: उन्हाळ्यात माठातील पाणी थंड राहते. उत्तरही तोंडपाठ. माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते. दोन गुण. उत्तरात चूक शोधून सापडणार नाही. पण हेच उत्तर लिहिणाऱ्या मुलाला विचारा, मे महिन्यात नागपूरचा माठ जसा गार पडतो तसा मुंबईचा का पडत नाही? मूल गडबडतं. मोठी माणसंही गडबडतात, नाहीतर 'तिकडची मातीच वेगळी' असं काहीतरी ठोकून देतात.

रोजच्या जगण्यातलं विज्ञान समजावून सांगणाऱ्याची खरी अडचण मला इथं दिसते. कारणाचं नाव हाती लागलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. बाष्पीभवनामुळे, केशाकर्षणामुळे, घनतेतल्या फरकामुळे. नाव भारदस्त असलं की पुढं विचारायचा धीर होत नाही, आणि सांगणाराही सुटकेचा निःश्वास टाकतो. माझं म्हणणं एवढंच की ज्या उत्तरावरून 'मग हे कुठं चालणार नाही?' ते सांगता येत नाही, ते उत्तर अर्धंच राहिलेलं असतं. माठाच्या बाबतीत उरलेलं अर्धं फार गमतीचं आहे.

पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगानं हलत नसतात. काही सुस्त, काही चपळ. पृष्ठभागावरचे जे सर्वांत चपळ, तेच शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. वर्गातली उंच मुलं उठून बाहेर गेली तर आत राहिलेल्यांची सरासरी उंची आपोआप घटते, तसं मागं राहिलेल्या रेणूंचा सरासरी वेग घटतो. आणि तापमान हे त्या सरासरीचंच माप आहे. एक ग्रॅम पाणी असं उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून जेमतेम शंभर मिलिलिटर, म्हणजे एका वाटीहूनही कमी पाणी उडालं, तर उरलेल्या पाण्याचं तापमान जवळजवळ सहा अंशांनी उतरायला ते पुरतं. बाहेरून उष्णता आत शिरली नसती तर. पण ती शिरतेच, आणि शिवाय उलटी वाहतूकही चालू असते. हवेतली वाफ माठाच्या ओल्या अंगावर परत बसत असते, आणि बसताना नेलेली उष्णता चोख परत करते. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर जाणारे जितके, जवळजवळ तितकेच येणारे. मुंबईच्या माठाचं दुखणं मातीत नाही, हवेत आहे.

आकड्यांत बघू. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही काही अचाट गोष्ट नाही. मुंबईत तेव्हा ३३ अंश आणि ७० टक्के धरा. अशा हवेत ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक टांगून त्याला वारा दिला तर नागपुरात तो साधारण २३ अंशांवर स्थिरावेल, मुंबईत २८च्या वर. त्याखाली काही केल्या उतरणार नाही, कारण त्या टप्प्यावर बाष्पीभवनानं जाणारी उष्णता आणि हवेतून येणारी उष्णता यांचा हिशेब बरोबर जुळतो. माठ या आकड्यापर्यंतही पुरता पोचत नाही, थोडा अलीकडेच थांबतो. तरी निष्कर्ष उरतोच: अकरा अंशांनी जास्त तापलेल्या गावात प्यायला जास्त गार पाणी मिळतं. दोन गुणांच्या उत्तरातून हे कुणाला सुचणार?

विदर्भातल्या माणसाला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं, फक्त माठाच्या नव्हे, कूलरच्या रूपानं. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकायला लागतं. आणि पाऊस एकदा नीट सुरू झाला की तोच कूलर, तेच पाणी, तीच मोटर, पण गारवा गायब. मुंबईत कूलर विकत घेऊन पस्तावलेली माणसं मी पाहिली आहेत. दुकानदारानं त्यांना बाष्पीभवन नक्कीच समजावून सांगितलं असणार.

आता जरा माठाजवळ जाऊ. कुंभार चिकणमातीत राख, बारीक भुसा किंवा घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत त्यातला जळण्याजोगा भाग जळून जातो आणि मागं पोकळ्या राहतात. भाजणी कमी झाली तर माठ कच्चा राहतो, जास्त झाली तर मातीचे कण एकमेकांना घट्ट चिकटून छिद्रं बुजतात. नवा माठ पहिल्या दिवशी भरला की त्याचा रंग खालून वर गडद होत जातो आणि हात लावला तर तळवा ओलसर होतो, पण थेंब टपकत नाही. अवघी करामत या टपकण्या-न टपकण्यात आहे. गळका माठ पाणी घालवतो पण गार करत नाही, कारण थेंबाच्या रूपात पडलेलं पाणी उष्णता उचलून नेत नाही. ती नेण्यासाठी त्याची माठाच्या अंगावरच वाफ व्हावी लागते. एक-दोन उन्हाळ्यांनी माठाच्या अंगावर पांढरट थर धरतो. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागं राहतात आणि छिद्रांत जाऊन बसतात. बोअरचं जड पाणी असेल तिथं हे लवकर होतं. 'माठ जुना झाला, आता गार करत नाही' ही घरातली तक्रार म्हणजे खरं तर छिद्रं बुजल्याची तक्रार. ऑइलपेंटनं रंगवून वर वेलबुट्टी काढलेले माठ हल्ली दुकानांत दिसतात. ते पहिल्या दिवसापासूनच जुने.

इथंच आणखी एक घोटाळा निस्तरून टाकू. बर्फ घातलेल्या स्टीलच्या पेल्याच्या बाहेर जे थेंब जमतात, ते माठाच्या ओलीसारखेच दिसतात, म्हणून मुलं दोन्हींना एकच कारण देतात. कारण नेमकं उलटं आहे. तो ओलावा हवेतून आलेला असतो, आणि येताना उष्णता घेऊन आलेला असतो. माठावरचा ओलावा पाणी गार करतो, पेल्यावरचा ओलावा बर्फ लवकर वितळवतो.

ओल्या फडक्याचा तापमापक हा काही मी कल्पनेनं रचलेला नाही. हवामान खात्याच्या वेधशाळेत झडपांच्या भिंतींची एक पांढरी लाकडी पेटी असते. तिच्यात एक कोरडा आणि एक मलमलीचं ओलं फडकं बांधलेला, असे दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. दोघांतल्या फरकावरून आर्द्रता काढतात. पण बातम्यांत येतो तो कोरड्याचा आकडा. अंगाला कळतो तो मात्र बऱ्याच अंशी ओल्याचा, कारण घाम आलेलं अंग म्हणजे माठच. शरीराच्या आत ३७ अंश, कातडीवर त्याहून एक-दोन अंश कमी. २०१० साली स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी एका शोधनिबंधात मांडलं की ओला तापमापक ३५ अंशांवर गेला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, वाऱ्यात बसून काही तासांपलीकडे तग धरणार नाही, कारण घामाला उष्णता बाहेर टाकायला वावच राहत नाही. नंतरच्या प्रयोगांनी खरी मर्यादा याच्याही खाली दाखवली आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या सोहळ्यानंतर उष्माघातानं माणसं दगावली. त्या दिवशीचा पारा विदर्भातल्या उन्हाळ्याच्या मानानं किरकोळ होता. डोक्यावर ऊन होतं, गर्दी होती, आणि हवा खाडीकाठची होती. 'चाळिशीसुद्धा गाठली नव्हती' या वाक्यातला दिलासा किती पोकळ आहे हे सांगायला बाष्पीभवन हा शब्द पुरत नाही. ते कुठं अडतं हे सांगावं लागतं.

याच कारणाची ताकद पुरती दिसते ती १७५८ सालच्या एका प्रयोगात. बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी केंब्रिजमध्ये तापमापकाच्या फुग्याला ईथर लावलं आणि भात्यानं वारा घातला. ईथर पाण्यापेक्षा फार लवकर उडतं. खोलीत साधारण १८ अंश सेल्सियस होतं. पुन्हा पुन्हा ईथर लावून वारा घालत ते उणे १४ अंशांपर्यंत उतरले. भाता महत्त्वाचा. उडालेली वाफ वाऱ्यानं बाजूला सारली की परत बसायला कुणी उरत नाही. माठ खिडकीच्या झुळकेत ठेवणाऱ्या आजीबाईंनी भाता पाहिला नव्हता, पण हिशेब तोच.

आणि आता गंमत. त्याच शतकात अलाहाबाद-बनारसच्या भागात हिवाळ्याच्या रात्री बर्फ बनवला जायचा. सर रॉबर्ट बार्कर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं त्याचं वर्णन लिहिलं आणि ते १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. मोकळ्या माळावर उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाची किंवा मक्याची वाळकी ताटं अंथरायची, वर मातीच्या लहान उथळ थाळ्या ओळीनं मांडायच्या, संध्याकाळी त्यांत उकळून निवलेलं पाणी ओतायचं. पहाटे थाळ्यांत बर्फ. आणि हे अशा मुलखात, जिथं बार्करनं नैसर्गिक बर्फ कधी पाहिला नव्हता. थाळ्या बिनझिलईच्या, पाझरणाऱ्या. मग कारण काय असणार? कोणीही सांगेल: बाष्पीभवन. माठाचंच भावंड. तेव्हाही पुष्कळांनी तेच सांगितलं.

लंडनमधले एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स, यांना ते पटलं नाही. १८१४ साली दवावर लिहिलेल्या त्यांच्या निबंधात त्यांनी बर्फाचा मामला पुन्हा उघडला, आणि साक्षीला घेतला वारा. बाष्पीभवनानं गारवा येत असेल तर वारा सुटल्यावर बर्फ जास्त पडायला हवा. पण बर्फ करणाऱ्यांचा अनुभव उलटा होता: वारा सुटला की बर्फ नाही, रात्र निवांत, आभाळ निरभ्र हवं. दुसरी गोष्ट पाचटाची. खालचं पाचट ओलं झालं तर ते बदलून कोरडं घालत. बाष्पीभवनाचाच खेळ असता तर ओल्या पाचटानं बिघडायचं काय? उलट चारी बाजूंनी वाफ झाली असती तर भलंच. वेल्स यांचा निष्कर्ष असा की मुख्य काम आभाळ करतं. प्रत्येक वस्तू न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात उष्णता सतत बाहेर टाकत असते. ढग असले तर ते तिच्यातला बराच भाग परत पाठवतात. कोरड्या, निरभ्र रात्री ती निघून जाते, परतफेड फार थोडी होते. थाळी आसपासच्या हवेपेक्षाही गार पडते. जमिनीची ऊब येऊ नये म्हणून खाली कोरडं पाचट, आणि हवेची ऊब येऊ नये म्हणून वाऱ्याची मनाई. बाष्पीभवनाचा हातभार असेलही, पण कारभारी ते नव्हे.

वारा एकच, माठाला हवासा, थाळीला नकोसा. दोन्हीकडे माती, पाणी, पाझर आणि गारवा. कारणं मात्र वेगळी. शब्दांवर भरवसा ठेवला असता तर हा फरक हाती लागलाच नसता.

मला यात सर्वांत आवडतं ते हे, की पुरावा बर्फ करणाऱ्या मजुरांच्या हाताशी होता. पाचट कोरडं ठेवा, वाऱ्याच्या रात्री मेहनत करू नका, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. किरणांबद्दल त्यांना काही माहिती नव्हती. आपल्याकडं या दोन गोष्टींची सरमिसळ करायची हौस फार. माठ घडवता आला म्हणजे पूर्वजांना ऊष्मागतिकी येत होती, असे संदेश सकाळी सकाळी फोनवर येऊन पडतात. त्यातून कुंभाराचा मान वाढत नाही. त्याची जाण खरी आहे, आणि ती माठातच आहे. तिला भौतिकशास्त्राचा सदरा घातला की तीच झाकली जाते. वेल्स यांचं मोठेपण असं की त्यांनी ती जाण बारकाईनं वाचली आणि तिच्यातला अडचणीचा तपशील फेकून दिला नाही.

आपल्याकडं हा खटला दर हिवाळ्यात नव्यानं चालतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते, गवतावरच्या आणि गाड्यांच्या टपावरच्या पांढऱ्या थराची छायाचित्रं येतात, आणि मथळ्यात पारा शून्यावर. त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा शून्याच्या कितीतरी वर असतो. मग वाद: वेधशाळा झोपली होती का पत्रकारानं फुगवलं? दोघंही बिनचूक असू शकतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, छप्पर असलेल्या त्याच पांढऱ्या पेटीत असतो आणि तो हवेचं तापमान सांगतो. गवताचं पातं आणि गाडीचा टप उघड्या आभाळाखाली असतात आणि हवेच्या खाली उतरलेले असतात, बार्करच्या थाळ्यांसारखेच. खात्री करायची असेल तर पुढच्या खेपेला वारा पडलेल्या रात्री दोन गाड्या लावून बघावं, एक मोकळ्यावर आणि एक दाट झाडाखाली. मोकळ्यावरची पांढरी होऊन झाडाखालची कोरडी राहिली तर वेल्स यांची बाजू बळकट झाली. दोन्ही सारख्याच पांढऱ्या झाल्या, तर मात्र पुन्हा विचार करायला लागेल, आणि मथळा लिहिणाऱ्याची माफीही मागावी लागेल.