ऐकू येतंय तोवर

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला घरात सर्वांत जास्त वेळा मिळणारं उत्तर म्हणजे, "काही नाही, जाऊ दे." जेवताना सगळे हसतात, आपण काय झालं म्हणून विचारतो आणि शेजारचं माणूस अगदी मायेनं म्हणतं, "काही विशेष नाही गं." त्याच्या मते ते खरंच विशेष नसतं. डॉक्टरची वेळ, पैशाचे व्यवहार, कुणाचं आजारपण हे लोक आवर्जून समोर येऊन मोठ्यानं सांगतात. पण घर चालतं ते बिनमहत्त्वाच्या बोलण्यावर. दूधवाला जाताना काय पुटपुटला, वन्सं फोनवर कशावरून चिडल्या, नातू खेळता खेळता स्वतःशी काय बडबडत होता, यातलं काही कानावर येईनासं झालं की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो. सगळे त्याची काळजी घेतात, पण त्याच्याशी गप्पा कुणी मारत नाही.

माझं ऐकणं गेली काही वर्षं उतरणीला लागलं आहे. आईचंही असंच गेलं. आतल्या कानात शंखासारखा वळलेला कर्णावर्त असतो. त्यातल्या सुमारे १५ हजार केशपेशी ध्वनीची कंपनं मज्जातंतूंपर्यंत पोहोचवतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते उरतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा मोठा भाग वरच्या पट्टीत असतो, तो विरतो. त्यामुळे बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, आणि ओरडून सांगितलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण ओरडताना मोठे होतात ते मुख्यतः स्वरच. वय, आनुवंशिकता, क्षयावरची काही जुनी इंजेक्शनं, कारखान्यातला गोंगाट अशी कारणं अनेक आहेत. गणपतीत ताशाला कान लावून तासन्‌तास वाजवणारी विशीतली पोरं पाहिली की पोटात कालवतं. त्यांच्या पथकप्रमुखांनी तरी त्यांच्या कानात बोळे घालावेत.

कानाचं मशीन मी लावते, आणि ज्यांना परवडतं, ज्यांना मिळतं, त्यांनी लाज न बाळगता लावावं. शांत खोलीत समोर एकच माणूस असेल तर ते मोठं काम करतं. पण ते आवाज वाढवतं, गेलेल्या पेशी परत आणत नाही. लग्नाच्या कार्यालयात ते सनईही वाढवतं आणि भांड्यांचा खणखणाटही. मग नजर ओठांकडे वळते. ओठांवरून बोलणं वाचता येतं असं जे सहज म्हणतात, त्यांनी आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "भात", "पाट" आणि "माठ" म्हणून पाहावं. ओठ मिटतात, उघडतात, तिन्ही वेळा जवळजवळ सारखेच. प, फ, ब, भ, म यांतला फरक ओठांवर दिसत नाही. क, ख, ग, घ तर घशाशीच होतात. आपली वर्णमाला ज्या बारकाव्यांवर उभी आहे, ते महाप्राण आणि घोष डोळ्यांना जवळपास अदृश्यच असतात. जे दिसतं त्याहून कितीतरी जास्त अंदाजानं भरावं लागतं. दिवसभर असं भरत राहिलं की संध्याकाळी डोकं शिणून जातं, आणि मग माणूस हसून मान हलवायला लागतो.

मशीन, ओठवाचन, बोललेलं अक्षरांत उतरवणारा फोन या सगळ्या उपायांत कष्ट एकट्या बहिऱ्या होत जाणाऱ्या माणसाचे असतात. समोरच्यानं फार तर आवाज चढवायचा. सांकेतिक भाषा शिकायला लागल्यावर मला सर्वांत आधी जाणवलं ते हे, की ही भाषा मी एकटीनं शिकून काहीच होत नाही. ती ह्यांना शिकावी लागते, मुलाला, सुनेला शिकावी लागते. लोक याला तिची अडचण मानतात, पण मला तिची खरी किंमत यातच दिसते. ऐकू न येण्याचं ओझं वाटून घेण्याची अट ही एकच भाषा घालते.

असं वाटून घेतलेलं ओझं माणसांनी पेलल्याचं उदाहरण आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मार्थाज विनयार्ड नावाचं बेट आहे. तिथे आनुवंशिक बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. चिलमार्क या गावात तर एकोणिसाव्या शतकात साधारण पंचवीस माणसांमागे एक बहिरं होतं. नोरा एलन ग्रोस यांनी वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ मध्ये या बेटावर पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं की तिथले ऐकू येणारे लोकही खुणांची भाषा सर्रास वापरत, कधीकधी जवळ बहिरं कुणी नसतानाही. लग्नं, व्यापार, गावच्या सभा सगळं सुरळीत चाले. कान तिथे कुणाचेच बरे झाले नव्हते. शेजाऱ्यांना भाषा येत होती, एवढंच.

मग आपल्याकडे हातांची भाषा हा शेवटचा, हरल्यावरचा उपाय का ठरला? याचं एक मूळ १८८० च्या मिलान परिषदेत आहे. बहिऱ्या मुलांना तोंडी बोलणंच शिकवावं आणि खुणा वर्गाबाहेर ठेवाव्यात, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली, तीही तोंडी पद्धतीची. पुढच्या शंभर वर्षांत देशोदेशींच्या शाळांत मुलांचे हात बांधले गेले, हातांवर छड्या बसल्या. अशाच एका परिषदेनं त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. खुणांबद्दलचा शाळेतला तो संशय दवाखान्यात अजून आहे. कान तपासतात, आलेख हातात देतात, मशीनची किंमत सांगतात. सांकेतिक भाषेचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर दिलासा म्हणून: "तुम्हाला अजून तिथवर जायची गरज नाही."

कायद्याची रेघही काहीशी अशीच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा दोन्ही कानांत ७० डेसिबलची घट झालेल्याला बहिरा म्हणतो, ६० ते ७० च्या मधल्याला कमी ऐकू येणारा. पन्नास-पंचावन्न डेसिबलवर अडकलेला माणूस यातल्या कशातच बसत नाही, पण भाजीवालीचं आणि नातवाचं बोलणं त्याला कधीच नीट कळेनासं झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांच्या ऐकण्यात काही ना काही उणेपण आहे, आणि त्यातल्या ४३ कोटींना उपचार-पुनर्वसनाची गरज आहे. उरलेल्या शंभर कोटींहून अधिक माणसांना आपण थांबायला सांगतो आहोत.

थांबू नये, असं माझं म्हणणं आहे. शिकण्याची वेळ ऐकू येतंय तोवरचीच. आज खूण आठवली नाही तर मी तोंडानं बोलते, ह्यांचं अर्धं बोलणं कानानं पकडते आणि अर्धं हातांवरून जुळवते. हा पूल उद्या राहणार नाही. वय वाढेल तसे डोळे मंदावतील, बोटं आखडतील. आणि त्याहून वाईट म्हणजे घराला गप्प बसायची सवय लागेल. एकदा ती लागली की नवी भाषा शिकायला कोण बसणार?

शिकणं मात्र सोपं नाही. हातांपेक्षा चेहरा जड जातो. भारतीय सांकेतिक भाषेत भुवया, मान, गाल हे व्याकरणाचे अवयव आहेत. नुसत्या हातांनी प्रश्न विचारला तर तो प्रश्न होतच नाही. चारचौघांत चेहरा आवरायला शिकवलेल्या माझ्या पिढीच्या बायकांना हे फार अवघड जातं. दुसरी गोष्ट नजरेची. समोरचा बोलत असताना इकडेतिकडे पाहिलं की संभाषण तुटतं. बोलता बोलता भाजी चिरणं, फोन पाहणं इथे चालत नाही. वाक्यरचना मराठी माणसाला तितकी परकी वाटत नाही: क्रियापद शेवटी येतं, प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या अखेरीस जातो. विशेषनामं पुष्कळदा दोन्ही हातांनी रोमन अक्षरांत उभी करतात. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पाच बोटांची टोकं म्हणजे ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर. कणकेनं हात भरलेले असले, वीज गेलेली असली की ही भाषा बंद पडते, हेही खरं. बँकेतला कारकून ती शिकणार नाही, फोनवरचा माणूसही नाही. तिथे यंत्रं लागतील आणि लिहूनही द्यावं लागेल. मी घराबद्दल बोलते आहे, जिथे "जाऊ दे" म्हटलं जातं.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या उशिरा बहिरं होणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी. ही भाषा आमच्या सोयीसाठी कुणी तयार केलेली नाही. ती बहिऱ्या माणसांनी, शाळांची मनाई असताना, वसतिगृहांत आणि क्लबांत, एकमेकांत जिवंत ठेवली. लहानपणी ऐकणं गमावलेले मदन वासिष्ठ आणि त्यांचे सहकारी यांनी सत्तरच्या दशकात दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या, तेव्हा कुठे तिला अभ्यासाचा विषय मानलं जाऊ लागलं. तिच्यासाठी दिल्लीत सरकारी संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं ते २०१५ मध्ये. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली तीन हजार नोंदी होत्या, २०२१ मध्ये दहा हजार झाल्या. कोशातल्या चित्रफिती मोफत पाहता येतात आणि मी त्या पाहते, पण भाषा माणसाकडूनच येते. माझे शिक्षक जन्मापासून बहिरे आहेत. वर्गात आवाज वर्ज्य असतो. ज्या हातांना शाळेत मार बसायचा, त्याच हातांकडे आम्ही आता मदत मागायला आलो आहोत. तेव्हा त्यांना शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचा पगार मिळालाच पाहिजे. स्वयंसेवक म्हणून त्यांना फुकट राबवणं मला मान्य नाही.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची, वाणी आणि श्रवण यांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. मोठ्या शहरांत थोडेफार वर्गही भरतात. तालुक्याच्या गावी जवळपास काही नाही, मशीनचं दुकान मात्र आहे. मशीन घेताना बॅटरी कुठे मिळेल, साचा कसा पुसायचा, याचा कागद दुकानदार हातात ठेवतो. त्याच कागदावर सांकेतिक भाषेच्या जवळच्या वर्गाचा पत्ता छापलेला असावा, तो वर्ग बहिऱ्या शिक्षकाचा असावा, संध्याकाळी कामावरून आल्यावर जाता येईल असा असावा, आणि पहिल्याच तासाला घरातलं निदान एक ऐकू येणारं माणूस सोबत बसलेलं असावं.